मुंग्या आलेले हात

धुळ्याला घरी असलो की मी जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात लॅपटॉप ठेवून काम करतो. दोन तासांनी उठायला जावं तर डावा पाय बधिर. मग मुंग्या. शिलाई मशीनवर बसलेली आई ओरडते, "पाय झटक, रक्त फिरू दे!"

तिचं निम्मं बरोबर आहे. दाबामुळे मज्जातंतूचा रक्तपुरवठा घटतो आणि त्याचे मेंदूकडे जाणारे संदेशही अडतात. दाब सुटला की तो काहीबाही संदेश पाठवत सुटतो. त्याच मुंग्या.

इंग्रजीत या मुंग्यांना 'टाचण्या-सुया' म्हणतात. त्या नावाचा एक गमतीचा दिवसही आहे, २७ नोव्हेंबर. हातपाय हलवा, रक्त खेळतं ठेवा, एवढंच त्याचं सांगणं. पण याच तारखेला, १९३७ साली, न्यूयॉर्कमध्ये 'पिन्स अँड नीडल्स' ही संगीतिका रंगमंचावर आली. त्यात काम करणारे होते कपडे शिवणारे, कापणारे कामगार. निर्मिती त्यांच्याच संघटनेची. सुरुवातीला नोकरी सांभाळून फक्त शुक्रवार-शनिवारी प्रयोग. पुढे ते ११०८ पर्यंत गेले. सुया धरणारे हात लोकांना असे समोर दिसले.

एरवी असे हात दिसत नाहीत. आमच्या धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. अठरा रविवार, अठरा अध्याय. मी मीटिंग रेकॉर्ड करतो, मजकूर आपोआप तयार होतो. तिथे ते काम एका सहकैद्याच्या हाताने केलं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी. खानदेशातला उन्हाळा, आणि समोरचा बोलतोय त्या वेगाने लिहायचं. तीन तासांचा पेपर लिहून उठलेल्या कुणालाही विचारा, बोटांचं काय होतं ते. 'गीता प्रवचने'वर नाव विनोबांचं आहे, ते योग्यच. पण तो हात नसता तर ते शब्द तिथेच विरले असते.

हे आईला सांगत होतो. ती हसली आणि सहज म्हणाली, "माझ्या तर रोज रात्री बोटांना मुंग्या येतात. उठून हात झटकते, मग झोपते."

किती वर्षं? तिला आठवेना. मी कधी विचारलंच नव्हतं. त्याच हाताच्या शिलाईवर माझ्या इंजिनिअरिंगची फी भरली गेली होती.

पाय अवघडून आलेल्या मुंग्या दोन मिनिटांत जातात. रोज येणाऱ्या मुंग्यांमागे मनगटात दबलेला तंतू, मधुमेह किंवा बी-१२ची कमतरता असू शकते. सोमवारी आईला डॉक्टरांकडे नेतोय. ती म्हणते, आधी दोन ब्लाउज पूर्ण करायचे आहेत.