अपंगांचें घर : ऑस्ट्रेलियांतील सव्वाशें वर्षांची हकीकत

ज्या मनुष्यास अंथरुणावरून उठावयासही दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्याविषयीं समाजापुढें दोन प्रश्न उभे राहतात : त्यानें राहावें कोठें, आणि त्याला उठवावें कोणीं? वरवर पाहतां हा एकच प्रश्न भासतो, आणि जुन्या काळच्या दयाळू माणसांनीं तो एकच धरला. छप्पर देणारा तोच सेवा देणारा. त्यांत गैर तें काय, असें कोणीही विचारील. ऑस्ट्रेलियाला या प्रश्नाचें उत्तर मोठ्या कष्टानें सांपडलें. तें आज श्रोत्यांपुढें मांडावें असा विचार आहे.

मेलबर्नजवळ क्यू येथें १८८७ सालीं सरकारनें मंदबुद्धि मुलांसाठीं लहान लहान घरांची एक वसाहत उघडली. तोंपर्यंत अशीं मुलें वेड्यांच्या इस्पितळांत मोठ्यांबरोबर राहत, तेव्हां हें पाऊल दयेचें होतें यांत शंका नाहीं. पण मुलें प्रौढ झालीं, पुढें वृद्ध झालीं, तरी अनेकांचा मुक्काम हालला नाहीं. जेवणाची वेळ, निजण्याची वेळ, शेजारच्या खाटेवरील सोबती, सर्व कांहीं संस्था ठरवी.

१९०८ सालीं पेन्शनचा कायदा झाला व १९१० च्या डिसेंबरपासून, काम करण्यास कायमच्या असमर्थ झालेल्या माणसांस आठवड्यास १० शिलिंगपर्यंत रक्कम मिळूं लागली. रोख पैसा हातांत येणें ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पेन्शन घेणारा वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झाला कीं त्याचें पेन्शन तहकूब होई. छप्पर मिळालें म्हणजे पैसा गेला, आणि पैशाबरोबर तेथून निघून जाण्याची वाटही गेली. (जातां जातां सांगावयाचें तें हें कीं, ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेल्या आशियावासीयांस व त्या देशाच्या मूळ रहिवाशांस या कायद्यानें वगळलें होतें, ब्रिटिश हिंदुस्थानांत जन्मलेल्या हिंदी लोकांपुरती ही बंदी १९२६ सालीं उठली.)

१९८१ हें साल संयुक्त राष्ट्रसंघानें अपंगांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें. त्या सुमारास मोठ्या संस्था मोडून, चार-सहा जणांचीं समूहगृहें सामान्य वस्त्यांतून थाटण्याची चळवळ जोर धरीत होती. १९८६ च्या अपंग-सेवा कायद्यानें तिला पाठबळ दिलें. क्यूची वसाहत मात्र रेंगाळली. १९९६ च्या एप्रिलांत तेथील एका इमारतीस आग लागून नऊ पुरुष मरण पावले. तरीही वसाहत बंद होण्यास २००८ साल उजाडावें लागलें.

समूहगृहांत खाटा कमी झाल्या, खिडकीबाहेर रस्ता दिसूं लागला. पण जुनी गांठ सुटली नव्हती. सरकार अनुदान देई तें संस्थेला. घर तिचें, सेवकही तिचेच. सेवकानें हिसडून उठविलें अशी तक्रार रहिवाशानें करावी तर कोणाकडे? घरमालकाकडेच! आणि निघून जावें म्हटलें तर सेवाही मागेंच राहणार. मग तो गप्प बसे.

ज्यांना असें घरही मिळालें नाहीं त्यांची गत याहून वाईट. व्हिक्टोरिया प्रांतांत १९८७ पासून, मोटार-अपघातांत जायबंदी झालेल्यास, चूक कोणाचीही असो, विम्यांतून जन्मभर शुश्रूषा मिळे. पण तोच कणा पोहतांना मोडला तर माणसानें रांगेंत उभें राहावें! पासष्टीच्या आंतील सुमारें ६,००० माणसें देशभर वृद्धाश्रमांत राहत होतीं. कित्येकांस दुसरी जागाच नव्हती.

२०११ सालीं प्रॉडक्टिव्हिटी कमिशननें ही सारी व्यवस्था अपुरी, अन्यायाची व विस्कळीत ठरवून राष्ट्रीय विमायोजनेची शिफारस केली. २०१३ च्या मार्चमध्यें कायदा मंजूर झाला आणि १ जुलैपासून कांहीं भागांत अंमल सुरू झाला. पैसा संस्थेच्या नांवें न ठरवितां माणसाच्या नांवें ठरवावयाचा, हें या कायद्याचें मर्म. २०१६ पासून तर घराचा हिशेब व सेवेचा हिशेब निराळे झाले. चाकाची खुर्ची सहज फिरेल असे रुंद दरवाजे, माणसाला उचलणारें यंत्र टांगतां येईल असें भक्कम छत, अशा खास बांधणीच्या घरासाठीं योजना मालकास पैसा देते. रहिवासी आपल्या मूळ पेन्शनचा चतुर्थांश व सरकारी भाडे-साहाय्य एवढेंच भाडें भरतो. सेवेचे तास दुसऱ्या हिशेबांतून. सेवा देणारी संस्था बदलली तरी घर सुटूं नये, अशी ही रचना.

येथें एक गैरसमज फार होतो. योजनेंत नांव आलें म्हणजे छप्पर मिळालें, असें नव्हे. खास घराचा पैसा शेकडा सुमारें सहा जणांसाठींच धरलेला आहे. इतरांस सेवेचे तास मिळतील, घरांत उतरता रस्ता किंवा स्नानगृह सुधारून मिळेल; घर मात्र ज्याचें त्यानेंच बाजारांत किंवा प्रांतिक सरकारकडे शोधावयाचें. आणि पासष्टी उलटल्यावर नव्यानें प्रवेश नाहीं; ही अट मला तरी कठोर वाटते.

हिशेब निराळे झाले तरी अनेक ठिकाणीं घरमालक व सेवा देणारा हे एकच राहिले. २०१९ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें अपंगांवरील अत्याचारांची चौकशी करून २०२३ मध्यें अहवाल दिला. समूहगृहें पंधरा वर्षांत बंद करावींत असें कांहीं सभासदांनीं लिहिलें. सर्वांचें त्यावर एकमत झालें नाहीं, आणि त्या घरांतून अद्याप हजारों माणसें राहत आहेत.