फोर्क नावाची जुनी उधारी

पर्लच्या स्क्रिप्टमधून बाहेरची कमांड बोलावली की कधीकधी जाम रेंगाळते. तीच कमांड टर्मिनलवर टाका, चुटकीसरशी होते! मग सगळे त्या कमांडच्या नावाने बोटं मोडतात. पण मंडळी, हे दुखणं पर्लपेक्षाही जुनं आहे.

१९७० च्या सुमारास पीडीपी-७ वरच्या युनिक्समध्ये फोर्क आला. चालू प्रोग्रामची हुबेहूब प्रत काढायची, मग त्या प्रतीच्या जागी नवा प्रोग्राम बसवायचा. डेनिस रिचीने लिहून ठेवलंय की ह्याला असेंब्लीच्या नेमक्या २७ ओळी लागल्या. तेव्हा प्रोग्रामच चिमुकले, त्यामुळे प्रत काढणं परवडायचं.

प्रोग्राम फुगले तशी प्रत महागली. १९७९ मध्ये बर्कलेवाल्यांनी ३बीएसडीत व्हीफोर्क आणला: प्रत काढायचीच नाही, नवा प्रोग्राम सुरू होईपर्यंत मूळ प्रोग्रामने गप्प थांबायचं. लिनक्सने कॉपी-ऑन-राइट वापरलं, म्हणजे मेमरीचं पान कोणी बदललं तरच त्याची प्रत. पण पानांची यादी, म्हणजे पेज टेबल, उतरवून घ्यावीच लागते.

आता हिशोब करा. स्क्रिप्टने ४ जीबीचा हॅश भरलाय. ४ केबीचं एक पान धरलं तर दहा लाखांवर पानं, प्रत्येकाची नोंद ८ बाइटची. म्हणजे एका कॉलला सुमारे ८ एमबीची नुसती यादी. लूप दहा हजार वेळा फिरला की ८० जीबी! लॅरी वॉलने १९८७ मध्ये पर्ल आणली तेव्हा एवढी मेमरी कोणाच्या स्वप्नातही नसेल.

आमच्याकडे एका क्लायंटचा रात्रीचा जॉब सकाळपर्यंत संपेना, तेव्हा नवा सर्व्हर घ्यायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. आधी दोन चाचण्या केल्या. एक, कमांडच्या जागी काहीच न करणारी 'ट्रू' ठेवली. तरी तेवढाच वेळ! म्हणजे कमांड निर्दोष. दोन, तोच लूप हॅश भरायच्या आधी चालवला. सुसाट! चोर सापडला.

उपाय साधा: मेमरी भरायच्या आधीच एक छोटा मदतनीस प्रोसेस सुरू करायचा आणि कमांडी त्याला पाइपमधून सांगायच्या. सर्व्हरची खरेदी टळली.

आणि हो, कमांडमध्ये पाइप किंवा चांदणी असली की पर्ल आधी शेल उठवतं, तो खर्च वेगळा. फाइल पुसायला पर्लचं स्वतःचं अनलिंक असताना बाहेरचं आरएम कशाला?

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च, बोस्टन युनिव्हर्सिटी आणि ईटीएच झ्युरिकच्या मंडळींनी फोर्कला निवृत्त करा असा पेपरच लिहिला. म्हातारा अजून कामावर आहे. तोवर त्याच्या पाठीवरचं ओझं आपणच कमी ठेवलेलं बरं, काय?