मेंदूंतील वाटांचा माग

मुंबईहून आलेला लोहमार्ग भुसावळास दुभंगतो. एक फांटा नागपुरास जातो, दुसरा खंडव्यावरून इटारसीस. स्थानकांत उभ्या असलेल्या डब्याकडे नुसतें पाहून तो कोणत्या मार्गानें आला तें कळत नाहीं. मेंदूच्या अभ्यासकांपुढें पुष्कळ वर्षें हीच अडचण होती.

१८७३ सालीं इटलींतील गॉल्जी ह्यानें चांदीच्या क्षारानें मज्जापेशी रंगविण्याची युक्ति काढली व स्पेनच्या काहालनें तिच्या साह्यानें पेशी अन् पेशी चितारली. १९०६ चें नोबेल पारितोषिक दोघांस विभागून मिळालें. मौज अशी, कीं पेशींचें अखंड जाळें मानावें कीं त्या सुट्या मानाव्या, ह्याविषयीं दोघांचें मुळींच पटत नसे. पण त्या रंगानें पेशीचा आकार तेवढा दिसे, पोटांतला माल दिसत नसे.

कित्येक पेशींत हा माल म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांची आखूड सांखळी. ऑयलर व गॅडम ह्यांस १९३१ सालीं सापडलेल्या 'पी' द्रव्याच्या ११ कड्यांचा क्रम उलगडण्यास १९७१ साल उजाडलें. पुढें अशा द्रव्यांविरुद्ध प्राण्यांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें तयार करून, त्यांस चमकता रंग जोडून, तीं पांढऱ्या उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांवर सोडण्यांत आलीं. तंतु उजळले, परंतु ते निघाले कोठून?

ह्या कामीं घेवड्याचा दाणा उपयोगीं पडला! त्यांतील एक प्रथिन मेंदूंत एका जागीं सोडल्यास तेथील पेशी तें उचलून तंतूच्या टोकापर्यंत नेतात, हें गर्फेन व सॉचेंको ह्यांनीं १९८४ सालीं दाखविलें. टोकाकडून मूळ पेशीकडे उलट जाणारीं द्रव्येंही आहेत. माग व पेप्टाइड ह्या दोन्ही खुणा एकाच तंतूंत वा पेशींत आढळल्या, तरच वाट खरी धरावयाची. मात्र सोडलेला थेंब शेजारच्या भागांत झिरपला, कीं सगळा नकाशा खोटा ठरतो. येथें हात फार जपून चालवावा लागतो.

ह्याच नागपूरच्या फांट्यावर, तेथील विद्यापीठांत, दादासाहेब कोकरे व निशिकांत सुभेदार ह्यांनीं सहकाऱ्यांसह 'कार्ट' नामक पेप्टाइडाचा पाठपुरावा केला. हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागांत सौम्य वीज मिळावी म्हणून उंदीर आपण होऊन दांडी दाबतो. १९१७ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१७ सालीं, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत मध्यमेंदूंतील सुखाशीं संबद्ध अशा केंद्रांत कार्ट सोडतांच दांडी अधिक वेळां दाबली गेली; त्याचें प्रतिद्रव्य सोडतांच तो उत्साह ओसरला.