कारकुनावाचून चालणारी वही

श्रोतेहो, पैशाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नाणी येतात. पण पैशाचा खरा संसार चालतो तो वहीवर. कुणी कुणाला किती दिले, कुणाकडे किती उरले, ही नोंद जो ठेवतो त्याच्या शब्दावर बाजार चालतो. पेढी असो की बँक, वही एका हाती असते. तो हात सरळ असला तर ठीक. नसला तर काय करायचं? बिटकॉइन या संगणकी चलनाचा जन्म याच प्रश्नातून झाला.

संगणकी पैशात मूळचीच एक अडचण आहे. संगणकातल्या मजकुराची हुबेहूब नक्कल क्षणात होते. मग एकच नाणं मी सकाळी एकाला आणि दुपारी दुसऱ्याला दिलं, तर अडवणार कोण? अमेरिकेच्या डेव्हिड चॉम यांनी असा पैसा काढला होता. पण खरं-खोटं तपासण्याचं काम त्यांनी बँकेकडेच ठेवलं. त्यांची डिजिकॅश ही कंपनी १९९८ साली दिवाळखोरीत निघाली.

दरम्यान १९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघा शास्त्रज्ञांनी एक वाट दाखवली होती. कोणत्याही मजकुरावरून गणिताने त्याचा एक छोटा ठसा काढता येतो. मजकुरातली एक वेलांटी बदलली, तरी ठसा पार बदलतो. नव्या नोंदीत मागल्या नोंदीचा ठसा गुंफला, की मागचं काही गुपचूप खोडता येत नाही. पुढे १९९७ साली अ‍ॅडम बॅक यांनी नको असलेल्या संगणकी टपालाला आळा घालण्यासाठी दुसरी युक्ती काढली : पत्र पाठवण्याआधी संगणकाने थोडे गणिती कष्ट केलेच पाहिजेत.

हे धागे एकत्र विणले ते सातोशी नाकामोतो या टोपणनावाने. २००८च्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बडी पेढी बुडाली, आणि ३१ ऑक्टोबरला नाकामोतोचा नऊ पानांचा लेख प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी २००९ रोजी वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. बुडत्या बँकांना सरकार पुन्हा मदत देण्याच्या बेतात असल्याचा लंडनच्या ‘टाइम्स’मधला त्या दिवसाचा मथळा त्या पानावर कोरलेला आहे.

आता ही वही चालते कशी, ते पाहू. तिची प्रत हजारो संगणकांवर असते. व्यवहार झाला की तो सर्वांना कळवला जातो. नवं पान, ज्याला ब्लॉक म्हणतात, ते जोडण्यासाठी संगणकांची शर्यत लागते. पानाचा ठसा ठरावीक शून्यांनी सुरू होईल असा आकडा शोधायचा. तो शोधायला अफाट वीज आणि कष्ट लागतात. तपासायला मात्र क्षण पुरतो. साधारण दहा मिनिटांनी एक पान भरतं. जिंकणाऱ्याला नवी नाणी मिळतात : आरंभी ५०, आणि दर २ लाख १० हजार पानांनंतर निम्मी. २०२४च्या एप्रिलपासून ती ३.१२५ आहेत. एकूण नाणी २ कोटी १० लाखांवर जायची नाहीत, असा नियम आहे. वहीच्या दोन प्रती वेगळ्या पडल्या, तर जिच्यावर अधिक कष्ट खर्ची पडले ती खरी मानायची.

म्हणजे माणसावर विश्वास ठेवण्याची गरजच संपली काय? इतिहास तसं सांगत नाही. १५ ऑगस्ट २०१० रोजी आज्ञावलीतल्या एका चुकीमुळे एका पानावर तब्बल १८,४०० कोटी नाणी उमटली. गणित बिनबोभाट चालूच होतं! लक्ष ठेवणाऱ्या माणसांनी चूक पकडली, काही तासांत दुरुस्त आज्ञावली तयार केली, आणि संगणकवाल्यांना ती घेण्याची विनंती केली. हुकूम काढायला कोणी साहेब नव्हता. पुरेशा लोकांनी मान्य केलं, खोटं पान सोडून दिलं, आणि वही पुन्हा मार्गी लागली. विश्वास नाहीसा झाला नव्हता. तो एका हातातून अनेक हातांत वाटला गेला होता.

या वाटणीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. या वहीत आपली गुप्त किल्ली हरवली, तर अर्ज घ्यायला खिडकी नाही. चुकीच्या जागी पैसे गेले, तर परत फिरवणारा अधिकारी नाही. आपल्या देशात हे कायदेशीर चलन नाही. मात्र २०२२पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. शिवाय कुणी गावात येऊन ‘बिटकॉइनमध्ये रक्कम दुप्पट करून देतो’ म्हणाला, तर बरं का मंडळी, त्याला साफ नकार द्या. तुम्ही त्याच्या हाती रोख रक्कम ठेवलीत, की हजारो संगणकांची ती वही तुमच्या कामाची उरत नाही. पुन्हा एकाच माणसाचा शब्द तेवढा उरतो.

शिक्षकबंधूंनी हा विषय वर्गात घेतला, तर नाण्याच्या भावापासून आरंभ करू नये. नोंद कोण ठेवतो, ती कोण तपासतो, आणि चूक झाली तर दुरुस्त कोण करतो, हे तीन प्रश्न मुलांना विचारावेत. गावच्या सोसायटीच्या वहीलाही ते तितकेच लागू आहेत.