कोंबडीचा कलकलाट आणि खुडूक बसण्याची जुनी खोड



बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वहीवर सह्या झाल्या की कोंबड्यांचा विषय निघतोच. तक्रारी ठरलेल्या असतात. एकीची कोंबडी अंडं घालून झालं की सगळी गल्ली डोक्यावर घेते. दुसरीची कोंबडी दाणे आपल्याकडे खाते आणि अंडं शेजारच्या कडब्याच्या गंजीत घालते. तिसरीची चांगली अंड्यावर होती आणि खुडूक बसली. या तक्रारी ऐकून आम्ही ठरवलं की आज कोंबडीचा जुना इतिहास सांगायचा, कारण या तिन्ही खोडी आपल्या दारात लागलेल्या नाहीत. कोंबडी त्या रानातून घेऊनच आली.

आपली गावठी कोंबडी मूळची तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातली. हा पक्षी आजही हिमालयाच्या पायथ्याच्या, ईशान्य भारतातल्या आणि त्यापलीकडे थायलंड, ब्रह्मदेशाकडच्या जंगलात राहतो. माणसानं तो माणसाळवला साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी, आणि तोही आग्नेय आशियात, भाताच्या शेतांच्या आसऱ्यानं, असं आताचे बरेच संशोधक मानतात. दाणा सांडला की पाखरू येणारच. पण आपल्या देशाचाही त्यात वाटा आहे. २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कोंबडीच्या पायाचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो आला राखाडी रानकोंबड्याकडून, आणि हा पक्षी भारताबाहेर आढळत नाही. आपला सह्याद्री हे त्याचं घर. तेव्हा पिवळ्या पायांची कोंबडी दिसली की ती थोडी आपल्या मुलखाची, असं म्हणायला हरकत नाही.

आता ओरडण्याचं. रानात कोंबड्या एका कोंबड्याबरोबर टोळीनं चरतात. अंडं घालायला मात्र मादी एकटीच झुडपात जाते. तासाभरानं बाहेर येते तोवर टोळी पुढे गेलेली असते. मग ती ओरडते, कोंबडा ओ देतो, आणि तिला घ्यायला येतो. ओरडण्यामागे हेच कारण असावं, असं अनेक अभ्यासक सांगतात. काहींचं म्हणणं असं की शत्रूचं लक्ष घरट्यावरून आपल्याकडे ओढायला ती ओरडते. दोन्ही गोष्टींत एक खूण सारखी आहे. पुष्कळदा ती घरट्यापासून लांब गेल्यावर गळा काढते. म्हणून जिथून आवाज आला तिथे अंडं शोधणारीला काही मिळत नाही. त्याआधी ती गुपचूप कुठून निघाली ते पाहावं लागतं. आसोद्याच्या बहिणाबाईंनी सुगरणीचा खोपा गाण्यात आणला, पण कोंबडीचं घरटं शोधायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

अंडं घालण्याआधीही ती कण्हल्यासारखा लांब आवाज काढते, येरझाऱ्या घालते. बसायला जागा मिळत नसली की हा आवाज वाढतो. तेव्हा तिला हाकलू नये. अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत भुसा घालून ठेवावा आणि एक अंडं आत राहू द्यावं. जिथे आधीच अंडं दिसतं तिथे बसणं तिला आवडतं. सगळी अंडी उचलली की ती जागा बदलते आणि आपली फेरी शेजारणीच्या गंजीकडे लागते.

एक अंडं पोटात तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. म्हणून रोज थोडा उशीर होत जातो आणि मध्ये एखादा दिवस खाडा पडतो. त्यात कोंबडीचा आळस नाही आणि कुणाची नजरही नाही. थंडीत अंडी कमी होतात, कारण दिवस लहान होतो. भरपूर अंड्यांसाठी तिला रोज १४ ते १६ तास उजेड लागतो.

आता खुडूक बसणं. गावठी कोंबडी १२ ते १५ अंडी घालते आणि बसते. २१ दिवस उबवते, मग दीड-दोन महिने पिल्लं वाढवते. या काळात अंडं नाही. त्यामुळे वर्षाला ५०-६० अंड्यांच्या पुढे ती क्वचित जाते. माणसाला हे फार आधीपासून खटकत आलं आहे. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांपेक्षा जास्त काळ विटांच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी उबवत आले आहेत, कोंबडीशिवाय. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या लेगहॉर्न बंदराकडची पांढरी कोंबडी अमेरिकेत गेली. तिथे निवड करत करत तिची बसायची सवय जवळजवळ काढून टाकली गेली. आज शेडमधली तिची लेक वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. आपल्या महाराष्ट्रातही १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि १९८२ साली अंड्यांच्या भावासाठी उत्पादकांची समन्वय समिती उभी राहिली. देशाला स्वस्त अंडी मिळाली, हे मोठं काम झालं. पण या सगळ्यात एक गोष्ट हळूच बदलली. पिल्लू कोंबडीच्या पोटाखालून निघायचं थांबलं आणि यंत्रातून, खोक्यातून, पैसे देऊन यायला लागलं. परसात ज्या बाईच्या हाती कोंबडीची पुढची पिढी होती, तिला शेडच्या धंद्यात जागा फारशी मिळाली नाही.

हे किती महत्त्वाचं आहे ते खानदेशानं २००६ साली पाहिलं. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला नवापुरात बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. देशात पहिल्यांदाच. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत ते आपल्या धुळ्यातच होतं. तिथे मोठमोठ्या पोल्ट्री होत्या. पण मार्चमध्ये रोग जळगाव जिल्ह्यात निघाला तो हातेड, साळवे, मारूळ, सावदा इथे, परसातल्या कोंबड्यांमध्ये. महिना संपता संपता सीमेपलीकडे बऱ्हाणपूरजवळ इच्छापूरलाही निघाला. ठरलेल्या परिघातले पक्षी मारून पुरण्यात आले. माणसाला लागण झाल्याचं त्या साथीत आपल्याकडे आढळलं नाही, आणि रोग थांबवायला तो उपाय गरजेचा होता, असंच आम्ही मानतो.

भरपाई पक्ष्यामागे मिळाली. पण शेडवाल्याचं नुकसान आणि परसातल्या बाईचं नुकसान सारखं नसतं. शेडमध्ये पुढची खेप खोक्यातून येते. परसात मेलेली एक खुडूक बसणारी कोंबडी म्हणजे वर्षातली तीन-चार वेळची पिल्लं, आणि त्याच पिल्लांतून पुढे निघणाऱ्या बसणाऱ्या कोंबड्या. ती बाजारात सहज विकत मिळत नाही, कारण जी चांगली बसते ती कुणी विकत नाही.

तरी परसातली कोंबडी संपली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाख निघाले, आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. शेडमधले पक्षी त्याच काळात साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढले. आकडा वाचून आम्हालाच नवल वाटलं. यात वनराजा, गिरिराजसारख्या सुधारित जातींचा वाटाही आहे. योजनेतून गटांना पिल्लं मिळतात ती बहुतेक याच जातींची. अंडी जास्त, वजन जास्त. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून ज्या गटात सगळ्या गावठी विकून नुसत्या सुधारित ठेवल्या, तिथे दर खेपेला पिल्लांसाठी पुन्हा पैसे काढावे लागतात.

खुडूक कोंबडीला उठवायला काही ठिकाणी तिला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस खुपसतात. पीस खुपसणं आम्हाला मुळीच पटत नाही. तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचा रस वाढलेला असतो, ती हट्टानं बसत नाही. उठवायचीच असेल तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावी, दाणापाणी द्यावं. पोट गार राहिलं की ती उठते.

पण आधी गटात विचारून पाहावं. एकीकडे खुडूक बसलेली गावठी असते, दुसरीकडे सुधारित कोंबडीची अंडी असतात. कोंबडा सोबत असेल तरच त्या अंड्यांतून पिल्लू निघेल, हे लक्षात असू द्यावं. अशी दहा-बारा ताजी अंडी संध्याकाळी अंधार पडल्यावर गावठीखाली सरकवायची. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहायचं. आत लाल शिरांची जाळी दिसली तर अंडं भरलं, नाहीतर काढून टाकायचं. पिल्लांना मानमोडीची लस पहिल्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून द्यायची. निघालेली पिल्लं निम्म्या वाट्यानं, अंडीवालीला अर्धी आणि कोंबडीवालीला अर्धी. असे वाटे आपल्या आज्याही करत. आपण फक्त ते गटाच्या वहीत लिहायचे.