मुरणारे तेल : पेडणे व डिचोलीतील वापर

मुरणारे तेल : गंजाच्या, लाकडाच्या किंवा जुन्या रंगाच्या बारीक भेगांत शिरून आतली हवा व ओल हटवणारे पातळ तेल. याला भेदक तेल असेही म्हणतात. जाम झालेला नट सोडवणे, गंजलेल्या लोखंडावर रंगाआधी हात देणे, लाकूड पावसापासून राखणे आणि घट्ट झालेला तैलरंग मोकळा करणे ही चारही कामे एकाच डब्याने होतात अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ही तेले दोन कुळांची आहेत. खनिज तेल, घासलेट आणि त्यांची मिश्रणे सुकत नाहीत; त्यांतले खनिज तेल वर्षभराने पाहिले तरी ओशटच असते. अळशीचे तेल, माशाचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल ही हवेतला प्राणवायू घेऊन सुकतात आणि मागे पापुद्रा ठेवतात. नट सोडवायला पहिले कूळ, बाकी तिन्ही कामांना दुसरे. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेली असतात आणि गिऱ्हाइकाची फसगत बहुधा तिथेच सुरू होते.

गंज आणि मीठ : गोव्याच्या उत्तरेकडचे पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके या विषयाची दोन टोके दाखवतात. तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या मध्ये पसरलेल्या पेडण्याला केरी, हरमल, मांद्रे, मोरजी असा सलग किनारा आहे. इथे लोखंड खाते ते समुद्राच्या हवेतले मीठ. डिचोली आत आहे. शिरगाव, मये, पाळी, कुडणे या बाजूची जमीनच लोहखनिजाची. हे खनिज आणि गंज ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत, कारण दोन्ही लोखंडाची ऑक्साइडे. माणूस भट्टीत कोळसा जाळून खनिजातला प्राणवायू काढून टाकतो आणि ओली हवा तो लोखंडाला फुकटात परत देते.

हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजू लागते. मीठ मात्र ७५ टक्क्यांच्या आसपास हवेतले पाणी ओढून स्वतःच पाझरू लागते. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या पुढे असते. म्हणून मोरजीतल्या घराचे गज पाऊस न पडलेल्या दिवशीही ओले असतात, छपराखाली असले तरीही. मिठातील क्लोराइड गंजाच्या खड्ड्यांत तळाशी जाऊन बसते. वरून ब्रश मारून ते निघत नाही. त्यावर तेलाचा हात दिला तर मीठ आतच कोंडले जाते आणि गंज तेलाखाली चालू राहतो. बाहेरच्या देशांत छापलेल्या सूचनांत ‘सैल गंज खरवडा, तेल लावा’ एवढेच सांगितलेले असते. किनाऱ्यावर त्याआधी एक पायरी हवी : गोड्या पाण्याने भरपूर धुणे आणि कडक उन्हात पूर्ण वाळवणे. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा व्यापतो, त्यामुळे बिजागऱ्या जाम होतात, पत्रे फुगतात आणि बोल्टावरचा नट फिरेनासा होतो.

न सुकणारी तेले : तेल भेगेत शिरते ते केशाकर्षणाने. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, घासलेटाचा २५ ते ३०. त्यामुळे घासलेट धातूवर सहज पसरते आणि आट्यांच्या फटीत चढते. गॅरेजवाले घासलेटात थोडे इंजिन ऑइल मिसळून पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. घासलेट वाट काढते, ऑइल मागे राहून वंगण देते. डबाबंद फवाऱ्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे डब्ल्यूडी-४०. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १९५३ मध्ये रॉकेट केमिकल कंपनीने तो तयार केला. नावातील अक्षरे ‘पाणी हटवणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आणि ४० हा सूत्राच्या चाळिसाव्या प्रयत्नाचा आकडा. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंज चढू नये म्हणून तो आधी वापरला गेला. म्हणजे त्याचे मूळ काम ओल हटवण्याचे. नट सोडवण्यासाठी त्याच्याहून सरस तेले बाजारात आहेत. तेल कोणतेही असो, घाई मानवत नाही. तेल टाकून रात्रभर मुरू द्यावे, हातोडीने नटावर हलके ठोके द्यावेत आणि आधी किंचित आवळून मग सोडवावा. तेल लावलेल्या नटाला लगेच ज्योत दाखवणे हा आगीला आवतण देण्याचा प्रकार आहे.

घरातली आडाळी, कोयती यांना गोव्यात खोबरेल लावून ठेवतात, ते योग्यच आहे. ते खाण्यात गेले तरी अपाय नाही. पण हेच खोबरेल खिडकीच्या गजांना लावून त्यावर रंग दिला, तर रंग पहिल्या पावसात सोलून येतो. तेल सुकणार की नाही हे त्याच्या आयोडीन मूल्यावरून कळते : अळशीचे १७० ते २००, खोबरेलाचे जेमतेम ७ ते १०.

सुकणारी तेले आणि लोखंड : अळशीचे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही, उलट प्राणवायू घेऊन त्याचे वजन वाढते. गंजाच्या सच्छिद्र थरात ते मुरले आणि तिथेच घट्ट झाले की गंजाचे कण एकमेकांना व खालच्या लोखंडाला बांधले जातात, पाण्याची वाट अरुंद होते. गंजाचे रूपांतर मात्र होत नाही. ते काम फॉस्फोरिक आम्लाचे किंवा टॅनिनचे. सह्याद्रीतल्या हिरड्यात टॅनिन भरपूर असते आणि गंजाशी संयोग पावून ते निळसर काळा थर देते.

अळशीच्या तेलात शेंदूर घोटून केलेला अस्तराचा रंग हा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील पुलांचा आणि जहाजांचा मुख्य आधार होता. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. तेलातील मेदाम्लांशी त्याचे साबणासारखे क्षार बनतात आणि ते लोखंडाचे गंजणे दाबून धरतात. मारुतीला तेल-शेंदूर वाहणाऱ्या समाजाला हे मिश्रण अनोळखी नव्हते, दगडाला त्याची गरज नव्हती एवढेच. शिसे विषारी असल्याने भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले आहे. शेंदराची जागा आता रेड ऑक्साइडने घेतली आहे. हा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडाचा, म्हणजे डिचोलीच्या मातीचाच गोतावळा. पण त्यात शेंदराचा रासायनिक गुण नाही. तो केवळ झाकतो, म्हणून त्याच्याखालचे लोखंड अधिक स्वच्छ असावे लागते. हे रंगाऱ्याला सांगितले तर तो हसतो, पण दोन वर्षांत पुन्हा बोलवावा लागतो तो याच कारणाने.

माशाच्या तेलाची गोष्ट वेगळी. रॉबर्ट फर्ग्युसन या कप्तानाने गंजक्या डेकवर सांडलेल्या माशाच्या तेलाखाली गंज थांबलेला पाहिला आणि १९२१ मध्ये अमेरिकेत रस्ट-ओलियम ही रंगकंपनी काढली, अशी त्या कंपनीची कथा आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना तेलाचा हा गुण लाकडापुरता आधीच ठाऊक होता.

बार्जेस : डिचोलीचे खनिज सारमानस, आमोणे या धक्क्यांवरून बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे नेले जाई. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. एप्रिल २०१४ मध्ये ती बंदी उठली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा बंद पडले. नांगरून पडलेली बार्ज चालत्या बार्जपेक्षा वाईट गंजते. तिच्या खणांत खनिजाची धूळ आणि पावसाचे पाणी साचते, पाण्याच्या रेषेवरचा पट्टा भरती-ओहोटीत रोज भिजतो आणि सुकतो, शिवाय देखभालीला पैसा नसतो. अशा वेळी साखळदंड, कप्प्या, झाकणांच्या कड्या यांना तेल-ग्रीस देऊन ठेवणे उपयोगी पडते. तळाच्या पत्र्याला मात्र कोणतेही मुरणारे तेल पुरे पडत नाही. तिथे वाळूच्या माऱ्याने चकाकी येईपर्यंत साफ केलेला पत्रा, त्यावर इपॉक्सीचे थर आणि स्वतः झिजून पोलाद वाचवणारे जस्ताचे ठोकळे लागतात. झिजून पातळ झालेला पत्रा तेलाने जाड होत नाही.

लाकूड : पेडण्याच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या येण्यापूर्वी होडी म्हणजे लाकूड, आणि लाकूड म्हणजे तेल. तारली मोठ्या हंड्यांत पाण्याबरोबर शिजवून वर आलेले तेल काढून घेत आणि उरलेला चोथा माडांना खत म्हणून घालत. हे तेल कोकण ते मलबार अशा साऱ्या किनाऱ्यावर होड्यांना फासले जाई. त्याला वास उग्र, पण ते सुकणारे आहे आणि तंतूंत चांगले मुरते. उंडीच्या बियांचे कडू तेलही याच कामी येई. ते नीट सुकत नाही, म्हणून वरचेवर द्यावे लागते.

यांत सर्वांत कडक काजूच्या टरफलाचे तेल. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू आज पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांच्या डोंगरउतारांवर आहे. बी भाजताना टरफलातून निघणारे काळपट तेल टरफलाच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके भरते. ते बिब्ब्याच्या कुळातले, तसेच कातडी उतवणारे. त्यातील अ‍ॅनाकार्डिक आम्ल उष्णतेने कार्डानॉलमध्ये बदलते, कालांतराने राळेसारखे घट्ट होते आणि वाळवीला दूर ठेवते. होड्या, कुंपणाचे खांब, वाशांची टोके यांना ते लावण्याची चाल म्हणूनच पडली. हातमोजे न घालता याला हात लावू नये. याच कार्डानॉलपासून बनणारे फेनाल्कामाइन हे संयुग आज सागरी इपॉक्सी रंगांना घट्ट करण्यासाठी वापरतात, कारण दमट हवेतही ते काम करते. जहाजाच्या तळापर्यंत काजू असा पोचला आहे.

तेल लाकडात आडवे फारसे मुरत नाही. ते शिरते फळीच्या कापलेल्या टोकांतून, आणि पाणीही तिथूनच शिरते. दाराच्या चौकटीला तीन हात देऊन खालचे टोक कोरडे ठेवणारा सुतार काम अर्धवट सोडतो. फणस, ऐन, किंदळ यांसारख्या लाकडांना तेल मानवते. सागवानात स्वतःचेच तेल असल्याने त्यावर पातळ हात पुरतो, जाड दिला तर चिकटा राहतो. अळशीच्या तेलाचा एक दोष गोव्यात हमखास दिसतो : पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते, कारण बुरशीला ते खाद्य आहे. बाहेरच्या दारांना त्यामुळे बुरशीनाशक मिसळलेले तयार तेल किंवा तेलावर वार्निशचा हात द्यावा.

रंगात मिसळणे : उन्हाळ्यात तैलरंग ब्रशखाली ओढला जातो, पट्टे दिसतात. उकळलेले अळशीचे तेल, म्हणजे रंगाऱ्यांचे बेलतेल, लिटरला ५० ते १०० मिलिलिटर घातले की रंग सरकतो आणि खडबडीत पृष्ठभागाला धरून बसतो. टर्पेंटाइनही रंग पातळ करते, पण उडून जाते. तेल थरातच राहते. जास्त घातले तर रंग ओघळतो, सुरकुततो आणि आठवडाभर बोटाला लागतो. पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिक रंगात बेलतेल घालू नये.

धोके व मर्यादा : अळशीचे तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर सुकतानाच्या उष्णतेने आपोआप पेटतात. त्या पाण्यात भिजवून किंवा उन्हात एकेक पसरून वाळवाव्यात. होडीला आणि कुंपणाला फासले जाणारे गाडीचे जळके काळे ऑइल स्वस्त असते, एवढाच त्याचा गुण. ते सुकत नाही, मातीत उतरते, आणि २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. मोरजी आणि मांद्रे येथे ऑलिव्ह रिडली कासवे अंडी घालतात. त्या वाळूत ते सांडणे अक्षम्य आहे.

काँक्रीटच्या आतल्या पोलादापर्यंत तेल पोचत नाही. बार्जेस ज्याच्या खालून जात, तो मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तो आतल्या ताणतारा गंजल्यामुळे, आणि तेव्हा त्याला वीस वर्षेही झाली नव्हती. स्लॅबमधून तांबडा ओघळ दिसू लागला तर तेलाचा डबा ठेवून द्यावा आणि अभियंत्याला बोलवावे.

सुकणाऱ्या तेलाचे काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत उरकावे. दमट हवेत ते आठवडे चिकट राहते. जून लागेपर्यंत काम राहूनच गेले असेल, तर लोखंडाला न सुकणारे तेल लावून थांबावे. पाऊस गेल्यावर ते टर्पेंटाइनने पूर्ण पुसून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच रंगाचा डबा उघडावा.