वाघ कुणी संपवला?

परवा एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर बिबट्याचा फोटो फिरत होता, साखरशेतच्या बाजूचा म्हणून. फोटो इथला नव्हताच, ते सोडा. खाली एका भल्या माणसाने लिहिलं होतं, "आदिवासींनीच वाघ मारले, जंगल खाल्लं, आता भोगा." त्याला लाईकही भरपूर. वीसेक वर्षं जव्हार-मोखाड्यात बातम्या करतोय, हे वाक्य शंभरदा ऐकलंय. म्हणून आज थोडा इतिहास.

आपल्याकडे वाघ होता. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये इथल्या रानटी जनावरांत त्याची नोंद आहे, आणि मोखाड्यात तर नदीचंच नाव वाघ. त्या काळी जव्हार हे मुकण्यांचं संस्थान, तर मोखाडा इंग्रजांच्या मुलखातला, शहापूर तालुक्याचा पेठा. डोंगर एकच, सरकारं दोन.

इंग्रज सरकारच्या लेखी वाघ म्हणजे उपद्रवी जनावर. मारा, पुरावा आणा, बक्षीस न्या, असा सरळ कारभार होता. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी दप्तरांतून हिशेब मांडलाय: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. साहेबांच्या आणि राजेरजवाड्यांच्या हौशी शिकारी होत्या त्या वेगळ्याच.

आता मला सांगा, बंदूक कोणाकडे होती? १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी आली. परवाना मिळायचा साहेबाला, जमीनदाराला, वजनदार माणसाला. वारली, कातकऱ्याच्या हातात तिरकमठा आणि फासा. त्यांनी शिकार केली नाही असं मी म्हणणार नाही. ससा, भेकर, रानडुक्कर मारलं, खाल्लं. पण तिरकमठ्याने ८० हजार वाघ संपत नाहीत.

जंगलाचंही तेच. १८७८ सालीच वन कायदा आला आणि रानाचा मालक सरकार झालं. लाकूड आणि कोळसा मुंबईला गेला. कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी राबला खरा, पण मजूर म्हणून. मग मुंबईची तहान. १८९२ ला तानसा, पुढे मोडकसागर, अप्पर वैतरणा, आणि अलीकडे २०१४ ला मध्य वैतरणा. दर वेळी आपल्याच खोऱ्यातली जमीन पाण्याखाली. सांबर-भेकराचं रान गेलं की वाघ काय खाणार?

ज्यांच्यावर आळ येतो त्यांनी काय केलं तेही बघा. वाघोबाचा देव बसवला. २०२१ मध्ये वन्यजीव अभ्यासकांचा एक निबंध आला, त्यात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरमधली दीडशेवर वाघोबाची ठाणी नोंदवलीत. दगडावर नाहीतर लाकडावर कोरलेला, शेंदूर लावलेला वाघ, वाघबारशीला नारळ नाहीतर कोंबडा. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वारल्यांच्या 'वाघ' या शब्दात पट्टेवालाही येतो आणि बिबट्याही. पट्टेवाला गेला, पण देवाची जागा रिकामी पडली नाही, तिथे बिबट्या आहे. बकरी गेली तरी म्हातारी माणसं "त्याचा वाटा नेला" म्हणून गप्प बसतात. अर्थात सगळेच गप्प बसत नाहीत, आणि का बसावं? बकरी म्हणजे घरातली बँक. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर गंमत अशी झाली की वाघ मारला म्हणून पैसे देणारं सरकार आता वाघाने मारलं म्हणून पैसे देतं. मात्र पंचनाम्यासाठी किती खेटे घालावे लागतात ते बकरीवाल्याला विचारा.

पण खरी काळजी वेगळीच आहे. बक्षीस बंद झालेलं नाही, फक्त देणारा बदललाय. आज भाव आहे खवल्या मांजराला. मुंग्या-वाळवी खाणारं, दात नसलेलं गरीब जनावर. भ्यालं की अंगाचा गोळा करतं, त्यामुळे पकडायला हत्यारही लागत नाही. जगात त्याच्या चार जाती आशियात, चार आफ्रिकेत. २०१९ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरने आठवड्याभरात दोन कंटेनर पकडले, दोन्ही पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरियातून व्हिएतनामला निघालेले. आत मिळून २५ टनांवर खवलं! कशासाठी, तर औषध म्हणून. ते खवलं म्हणजे निव्वळ आपल्या नखासारखं केराटिन.

तिकडे नायजेरियाच्या खेड्यातला पोरगा असो की इकडचा, पिशवीसकट सापडतो तोच. फोटो त्याचाच छापून येतो, अशा बातम्या मीही केल्यात. गिऱ्हाईक मात्र फोटोत कधी दिसत नाही. खवल्या मांजर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. पोरगा तुरुंगात गेला की घरची शेती कोण बघणार?

तेव्हा पाड्यावरच्या पोरांना एवढं सांगा, "खवल्या असेल तर कळव, लाखात पैसे देतो" असा फोन आला तर वनखात्याचा नंबर १९२६.